घाटात गाडीचे ब्रेक तापले तर

बचत गटाच्या कामासाठी आता आपण बऱ्याच लांब जातो. कधी सरस प्रदर्शनाला मुंबईला, कधी प्रशिक्षणाला, कधी दुसऱ्या जिल्ह्यातले गट बघायला. सोबत पापड-मसाल्याची पोती असतात, एसटीची वेळ जमत नाही, म्हणून सात-आठ जणी मिळून जीप ठरवतो. वाटेत कसारा, माळशेज, कुंभार्ली, आंबेनळी असा एखादा घाट लागतोच. गाडी चालवणारा दादा असतो, पण आत जीव आपलेही असतात. म्हणून ब्रेकबद्दल चार गोष्टी आपल्यालाही ठाऊक हव्यात.

ब्रेक म्हणजे घासणं. पाय दाबला की नळीतलं ब्रेक ऑइल जोर पुढे पोचवतं आणि लायनर चाकाच्या भागावर घासून गाडी थांबवतो. घासलं की तापतं. दळताना जात्यातून पीठ कसं गरम येतं, तसंच. सपाट रस्त्यावर ब्रेक मधूनमधून लागतो, त्याला थंड व्हायला सवड मिळते. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला, की लायनरची पकड कमी होते. ऑइल फार तापलं तर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. टपावर जास्त माल आणि आत जास्त माणसं असतील, तर हे लवकर होतं.

यावर उपाय गिअरचा. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग इंजिनच गाडी आवरून धरतं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं धोक्याचं. इंजिन बंद झालं की ब्रेक दाबायला फार जोर लागतो आणि स्टिअरिंग जड होतं.

मागे बसूनही धोका ओळखता येतो. काहीतरी जळल्यासारखा उग्र वास येतो. चाकातून धूर किंवा खरखर येते. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. समोर ब्रेकचा लाल दिवा पेटून राहतो. दादा पेडल दोन-तीनदा दाबायला लागतो. यातलं काहीही दिसलं तर स्पष्ट सांगायचं, “दादा, जागा बघून गाडी बाजूला घ्या.” बायकांना गाडीतलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तरी गप्प बसायचं नाही. स्टॉल दोन तास उशिरा लागला तर चालतो.

ब्रेक लागलाच नाही तर चालकाने पेडल भराभर दाबत राहावं, गिअर एकेक करून खाली आणावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. एकदम ओढला तर गाडी फिरू शकते. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या बाजूला घ्यावी. आपण ओरडून त्याला गोंधळात टाकायचं नाही. पट्टा लावून घट्ट धरून बसायचं, चालत्या गाडीतून उडी मारायची नाही.

गाडी थांबली की चाकांखाली मोठे दगड लावा. सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभं राहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे उभं राहू नका. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. किमान अर्धा तास थांबा. मग दादाला बोनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघायला सांगा. ऑइल खाली गेलं असेल, चाकाच्या आतून ओल दिसत असेल किंवा थंड झाल्यावरही पेडल पोकळ लागत असेल, तर गाडी पुढे न्यायची नाही. त्यात पाणी, साबणाचं पाणी किंवा दुसरं तेल घालून “चला, भागेल” असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. पेडल पूर्ववत घट्ट झालं असेल, तरच खालच्या गिअरमध्ये हळू उतरून पहिल्या गॅरेजला दाखवा.

मदतीसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे नंबर आहेत. घाटात रेंज जाते, म्हणून कुठल्या किलोमीटरचा दगड मागे गेला ते लक्षात ठेवा.

परक्या गावात मिस्त्रीला आधी खर्च विचारा, काढलेला जुना भाग बघा, बिल घ्या. दुरुस्तीनंतर दादाने रिकामी गाडी फिरवून ब्रेक तपासावा, मगच आपण बसावं. दुरुस्तीचा खर्च मालकाचा आणि गाडी बंद पडली तर दुसरी देणं त्याचंच काम, हे भाडं ठरवतानाच कागदावर लिहून घ्या. नाहीतर तो भार गटाच्या पैशावर येतो.

पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना वाचून दाखवा. आणि पुढची गाडी ठरवताना भाड्याआधी एक प्रश्न विचारा: ब्रेक शेवटचे कधी तपासले?