समुद्रपक्षिनिरीक्षण, पेण-रोहे परिसरातील

समुद्र, खाड्या व त्यांलगतची पुळण यांवर उपजीविका करणाऱ्या पक्ष्यांचे किनाऱ्यावरून अथवा नौकेतून केलेले पद्धतशीर अवलोकन म्हणजे समुद्रपक्षिनिरीक्षण. निरीक्षकाच्या दृष्टीने या पक्ष्यांचे दोन गट पडतात. कुरव व सुरय हे किनाऱ्यालगत वावरणारे पक्षी असून ते विश्रांतीसाठी नियमितपणे वाळूवर, खडकांवर किंवा खाजणात उतरतात. शिअरवॉटर, वादळपक्षी, बूबी व फ्रिगेट पक्षी हे खुल्या समुद्राचे रहिवासी असून विणीचा काळ सोडल्यास जमिनीकडे क्वचितच फिरकतात. कोकण किनाऱ्यावर पहिला गट मुख्यत्वे हिवाळ्यात व दुसरा पावसाळ्यात आढळतो. त्यामुळे निरीक्षणाची चांगली जागा कोणती, या प्रश्नाचे उत्तर नकाशापेक्षा ऋतू, भरतीची वेळ आणि वारा यांवर अधिक अवलंबून राहते.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण व रोहे हे तालुके याचे चांगले उदाहरण होत. दोहोंनाही खुला समुद्र लाभलेला नाही. समुद्र त्यांच्यापर्यंत खाड्यांच्या वाटेने येतो. सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी रोहे तालुक्यातील नागोठण्यावरून पेण तालुक्याच्या कडेने वाहत जाऊन धरमतरच्या खाडीस मिळते व ही खाडी रेवसजवळ समुद्रास मिळते. कुंडलिका कोलाड व रोहे यांवरून वाहत जाऊन रेवदंडा व कोर्लई यांच्या दरम्यान समुद्रास मिळते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या आगबोटी धरमतरपर्यंत येत, यावरून खाडीत भरतीचे पाणी किती आत शिरते याची कल्पना येते. पाण्याबरोबर मासे येतात आणि माशांमागे कुरव व सुरय.

पेणचे खारेपाट हे पहिल्या गटाच्या निरीक्षणाचे उत्तम क्षेत्र आहे. बांध घालून खाडीपासून राखलेली भातशेती, पाणी सोडण्याच्या उघाड्या, मिठागरे व बांधाबाहेरचा चिखल अशी येथील रचना आहे. ओहोटीच्या वेळी पक्षी चिखलात दूरवर पांगतात व दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढेच दिसतात. पाणी चढू लागले की ते मागे सरत उंच भागी, म्हणजे मिठागरांच्या वरंब्यांवर व बांधांवर एकत्र येतात. पूर्ण भरतीपूर्वीचे सु. दोन तास म्हणूनच सर्वांत फलदायी होत. भरतीची वेळ काढण्यासाठी कोळी लोक तिथीचा आधार घेतात : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता दुपारी व मध्यरात्री बारानंतर किती तासांनी भरती पूर्ण होईल ते ढोबळमानाने कळते. उदा., चतुर्थीस तीनच्या सुमारास, अष्टमीस सहाच्या सुमारास. हा हिशेब समुद्रकाठचा आहे. खाडीत आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, हे लक्षात न घेतल्यास निरीक्षक ऐन वेळेआधीच कंटाळून परततो. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि पाणी चिखलाचा बहुतेक भाग व्यापते. भांगाच्या दिवसांत ते अर्ध्यावरच थांबते व पक्षी बांधांकडे येतीलच असे नसते.

ऑक्टोबर ते मार्च या काळात येथे दिसणाऱ्या कुरवांत तपकिरी डोक्याचा कुरव हा प्रमुख. तो सु. ४२ सेंमी. लांब असून तिबेट, लडाख व मध्य आशियातील उंच सरोवरांकाठी वीण करतो. हिवाळ्यात त्याचे डोके तपकिरी राहत नाही. ते पांढरे होऊन कानामागे केवळ एक गडद ठिपका उरतो, त्यामुळे नावावरून ओळखू पाहणाऱ्याची फसगत होते. पंखांच्या काळ्या टोकांवरील पांढरे डाग व फिकट डोळा ही त्याची खात्रीची खूण. काळ्या डोक्याचा कुरव त्याच्याच थव्यात मिसळतो. त्याच्या पंखाची पुढील कड पांढरी असते. ह्यूग्लिनचा कुरव बराच मोठा, पाठ गडद करडी व पाय पिवळे असा असतो. सुरयांपैकी कॅस्पियन सुरय आपल्या जाड लाल चोचीमुळे दुरूनही ओळखता येतो. जाड काळ्या चोचीचा सुरय मात्र इतरांप्रमाणे पाण्यात सूर मारत नाही; तो चिखलावरून व शेतावरून संथ उडत खेकडे, निवटे व कीटक वरच्यावर टिपतो, म्हणून त्याला पाण्यावर शोधण्यापेक्षा खाजणावर शोधावे. नारिंगी चोचीचा लहान तुरेवाला सुरय व पिवळट चोचीचा मोठा तुरेवाला सुरय यांच्यासाठी खाडीचे मुख गाठावे लागते.

रोह्याकडून कुंडलिकेच्या काठाने मुखाशी गेल्यास कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आढळतो. त्यावर पोर्तुगीज काळातील किल्ला आहे. समुद्र न्याहाळण्यास अशी भूशिरे सर्वोत्तम, कारण किनाऱ्याला समांतर उडणारे पक्षी त्यांना वळसा घालताना जवळ येतात. मात्र माथ्यावरून पाहिल्यास पाण्यालगत उडणारे पक्षी लाटांच्या पार्श्वभूमीवर हरवतात, म्हणून दीपगृहाच्या बाजूचा खालचा उतार अधिक सोयीचा. येथे समुद्र पश्चिमेस असल्याने सकाळी प्रकाश निरीक्षकाच्या पाठीमागून येतो. दुपारनंतर सर्वच पक्षी काळे दिसतात. एका जागी बसून क्षितिजाच्या किंचित खाली दुर्बीण सावकाश फिरवीत राहणे हीच येथील पद्धत होय. ८ ते १० पट वर्धनाची दुर्बीण पुरते.

नौकेतून पाहण्यासाठी भाऊचा धक्का ते रेवस किंवा गेटवे ते मांडवा हा लाँचचा प्रवास सर्वांत सुलभ. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहनवाहू नौकेची सेवा २०२० पासून सुरू आहे. नौकेच्या मागे उडणारे कुरव प्रवाशांनी टाकलेल्या खाऊला सोकावलेले असतात. त्यांचे निरीक्षण जवळून होते हे खरे, पण त्यांच्या नैसर्गिक वर्तनाबद्दल त्यातून फारसे कळत नाही. त्याऐवजी रेवस-बोडणी भागातील डोल जाळ्यांकडे लक्ष द्यावे. ही पिशवीसारखी जाळी प्रवाहात रोवलेली असतात व पाणी स्थिर होताना उचलली जातात. त्या थोड्या वेळात बोंबील व जवळा यांच्या आशेने पक्षी गोळा होतात.

दुसऱ्या गटाची गोष्ट उलटी आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्राच्या पश्चिम भागात खालचे थंड, पोषक पाणी वर येते व अन्न विपुल होते. त्यासाठी अंटार्क्टिक प्रदेशात वीण करणारा विल्सन वादळपक्षी तसेच दक्षिणेकडील शिअरवॉटर येथवर येतात. पण नेमक्या त्याच महिन्यांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते व गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये वारा जोराने समुद्राकडून वाहत असता, विशेषतः वादळानंतरच्या एकदोन दिवसांत, किनाऱ्यावरूनच पाहावे. मुखवटाधारी बूबी, लहान फ्रिगेट पक्षी, काजळी सुरय व ब्रायडल्ड सुरय यांची पश्चिम किनाऱ्यावरील अनेक नोंद अशाच दिवसांतील आहे. थकून किनाऱ्यावर पडलेला पक्षी पुन्हा पाण्यात ढकलू नये. त्यास हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागास कळवावे. पाणी किंवा मासे बळेच भरविल्याने ते दगावतात.

यांपैकी कोणताही समुद्रपक्षी पेण-रोहे भागात मोठ्या वसाहती करून वीण करीत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले खडक प्रसिद्ध असून हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास तेथील सुरय व पाकोळ्यांविषयी लिहिले. अलिबागजवळच्या किहीमला पक्षिविज्ञानात स्थान मिळाले तेही सलीम अलींनी १९३० मध्ये तेथे केलेल्या सुगरणीच्या अभ्यासामुळे, समुद्रपक्ष्यांमुळे नव्हे. खाडीतील हिवाळी थव्यांची मोजणी त्यामुळेच अधिक मोलाची ठरते. पेणच्या खारेपाटात बांध फुटून अनेक ठिकाणी शेतीच्या जागी तिवरांचे रान माजले आहे. तिवरे किनाऱ्याचे रक्षण करतात व माशांच्या पिलांना आसरा देतात. तथापि कुरव-सुरयांना बसण्यास मोकळी, चहूकडे दिसणारी जागा लागते व ती अशा ठिकाणी उरत नाही. मिठागर बंद पडले तरी हाच परिणाम होतो. नोंद करताना तारीख, तिथी, भरतीची स्थिती, वाऱ्याची दिशा व अंदाजे संख्या यांबरोबर पक्षी बसला होता ती जागा बांध, मिठागर, चिखल की तिवर, हेही लिहावे. पुढे थवे कमी झाल्यास पक्षी घटले की केवळ त्यांची बसण्याची जागा गेली, हे त्यावरूनच ठरविता येते.