कॉन्व्हेंटचा पट

15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले आणि कोकणातल्या मराठी शाळांच्या शिक्षकांची झोप उडाली. पट घसरला की पद गेलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीच्या आसपासच्या वाड्यांत गुरुजी हजेरीपट पुन्हा पुन्हा मोजतात. त्याच वेळी हातखंब्याकडून रत्नागिरीला जाणाऱ्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांत मात्र दप्तरं मांडीवर घेऊन बसावं लागतं. त्या शहरातलं सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंट हायस्कूल साऱ्या पंचक्रोशीच्या ओळखीचं. जिल्ह्यात कॅथलिक किती, तर अगदी थोडे. मग कॉन्व्हेंट भरतं कुणाच्या जिवावर?

पहिली शंभर वर्षं भराभर ओलांडावीत. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस 1863 चं, माझगावचं सेंट मेरीज 1864 चं, पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स 1867 चं, धोबीतलावचं सेंट झेवियर्स 1869 चं. बंदर, छावणी, रेल्वे जिथं, तिथं पाद्री आधी पोचले. रत्नागिरीच्या वाट्याला यातलं आलं ते बंदर, आणि तेही माणसं मुंबईला नेणाऱ्या बोटींचं. वांद्र्यात चर्चगणिक शाळा, त्यातही मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. मुलं वाटली गेली, जागा मात्र वाढली नाही. वसईत तर कॅथलिकच मराठी बोलणारे. मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो शिकले ते नंदाखालच्या संत जोसेफ मराठी हायस्कुलात. तिथं शाळेचा पट गावावर ठरायचा, रत्नागिरीत तो ठरला बदलीच्या साहेबांवर.

हे उलगडलं नव्वदच्या दशकात. गिरण्यांच्या 1982 च्या संपानंतर मनिऑर्डरी आटल्या होत्या, परतलेले चाकरमानी पोराच्या शिक्षणाबद्दल हट्टी झाले होते. रनपारला फिनोलेक्सचा कारखाना उभा राहिला, दाभोळला एन्रॉनचा वीजप्रकल्प आला, 1998 मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग धावू लागली. बँका, रेल्वे, कारखाने यांतल्या बदलीवाल्यांना पुढच्या गावी चालेल असं माध्यम हवं होतं. त्यांची मुलं टाय, बेल्ट, डायरी घेऊन निघाली आणि शेजारच्या तलाठ्याच्या, दुकानदाराच्या, आंबेवाल्याच्या घरात चुळबूळ सुरू झाली. प्रवेशअर्जाच्या रांगेत आडनावं कोकणस्थांची, मराठ्यांची, कुणब्यांची, मुसलमानांची. डिसोझा शोधावा लागे. मुंबईत जे गिऱ्हाईक दहा शाळांत विभागलं जाई, ते इथं मोजक्याच दारांशी उभं होतं.

या दशकातले काही पुढारी अजून विसरता येत नाहीत. व्यासपीठावर ते कॉन्व्हेंटच्या पोपटपंचीची टिंगल करत, मातृभाषेवर टाळ्या घेत आणि स्वतःचा नातू पहाटे गाडीत बसवून त्याच फाटकाशी सोडत. रत्नागिरीतल्या फाटक आणि पटवर्धन हायस्कुलांसारख्या जुन्या मराठी शाळांना खरी गरज होती ती त्या नातवाची.

शेजारच्या गोव्यात याच दशकाच्या तोंडावर, 1990 मध्ये, सरकारनं प्राथमिक अनुदान मराठी-कोंकणी माध्यमापुरतं ठेवलं. चर्चच्या बहुतेक प्राथमिक शाळांनी कोंकणी पत्करली आणि पालक चिडले. 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळालं. शाळेचा आकार भक्तीपेक्षा सरकारी तिजोरीकडे बघून ठरतो, याचं एवढं उघड उदाहरण दुसरं नसावं.

पुढची वर्षं रुक्ष कागदांची. 2001 नंतर महाराष्ट्रात नव्या शाळा 'कायम विनाअनुदानित', म्हणजे शिक्षकांचा पगार फीमधून. 2012 च्या कायद्यानं स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली आणि इंग्रजी फलक खेड्यांतही लागले. दरम्यान 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर वेगळे काढून सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. या सगळ्या काळात रत्नागिरी जिल्हा मात्र रिकामा होत होता: 2001 ला 16 लाख 96 हजार माणसं, 2011 ला 16 लाख 15 हजार.

म्हणजे मुलंच कमी, आणि उरलेल्यांवर सगळ्यांचा डोळा. अनुदानित मराठी शाळेला पट हवा तो पद वाचवायला, विनाअनुदानित इंग्रजी शाळेला तो पगार भागवायला. पाली हमरस्त्यावर, कोल्हापूरचा फाटा फुटतो तिथं. म्हणून इंग्रजी शाळेच्या गाडीचं डिझेल निघेल एवढी घरं तिथं मिळतात. आतल्या वाड्यांत ती मिळत नाहीत, त्यामुळे गाडी तिकडे वळत नाही. तिथल्या शाळेत गुरुजी राहणार की नाही, हे पुढची संचमान्यता सांगेल.