शेंगदाणे सोडून पपई? ओठावरच्या फोडांचा हिशोब

उन्हाळा लागला की आमच्या आरोग्य बैठकांत ओठावर फोड आलेल्या बाया जास्त दिसतात. ‘अंगातला ताप ओठावर निघाला’ असे सांगतात. अलीकडे त्यांच्यासोबत एक यादीही येते, मोबाईलवरून वहीत उतरवून घेतलेली. पपई, आंबा, पेरू खा. द्राक्षे, संत्री टाळा. शेंगदाणे, तीळ, खोबरे बंद करा. असे केले की फोड पुन्हा येत नाहीत म्हणे. यादी पाळायची म्हणून काही जणींनी भाजीतला शेंगदाण्याचा कूटही बंद केला, आणि पपई काही रोज परवडत नाही. म्हणून या वेळी या पानावर त्या यादीचाच हिशोब मांडतो आहोत.

आधी आजार समजून घेऊ. ओठाच्या कडेला मुंग्या आल्यासारखे होते, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत बरे होते. हे काम हर्पीस सिंप्लेक्स या विषाणूचे. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला बहुधा तोंडाशी, दुसरा बहुधा जननेंद्रियांवर; पण पहिलाही खाली होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात पहिला प्रकार आहे. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो, घरातल्याच कुणीतरी घेतलेल्या पाप्यातून. एकदा शिरला की तो मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दबून राहतो. ताप, कडक ऊन, मनाचा ताण, पाळीचे दिवस अशा वेळी काही जणांत तो पुन्हा उठतो, पुष्कळांत कधीच उठत नाही.

नागीण हा याचा चुलतभाऊ, पण वेगळा. ती कांजिण्यांच्या विषाणूने होते. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आजही ऐकू येते. ती खोटी आहे. नागीण उतरवायला जाण्यात दोन-तीन दिवस घालवले, तर औषध लागू पडायची वेळ मात्र निघून जाते.

आता यादी. तिच्यामागे थोडे शास्त्र आहे, ते नाकारायचे कारण नाही. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्या माळेतले एक मणी आर्जिनिन, दुसरे लायसिन. १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर प्रयोग झाले. या विषाणूला वाढायला आर्जिनिन लागते, आणि लायसिन वाढवले की त्याची वाढ मंदावते, असे दिसले. त्यावरून तर्क निघाला: ज्या अन्नात लायसिन जास्त आणि आर्जिनिन कमी, ते चांगले.

पण बशीतली पेशी आणि शेतात राबणारी बाई यांत फरक आहे. बशीत आपण टाकू तेवढेच आर्जिनिन असते. आपले शरीर आर्जिनिन स्वतः तयार करते. शेंगदाणे सोडले म्हणून विषाणू उपाशी राहत नाही. लायसिन मात्र शरीर तयार करू शकत नाही, ते जेवणातूनच यावे लागते.

फळांचे आकडे पाहू. १०० ग्रॅम पपईत लायसिन सुमारे २५ मिलिग्रॅम आणि आर्जिनिन १० मिलिग्रॅम. आंब्यातही लायसिन आर्जिनिनच्या दुपटीच्या आसपास. पेरूत लायसिन ७० च्या पुढे, आर्जिनिन त्याहून थोडे कमी. केळ्यात दोन्ही जवळपास सारखे. संत्र्यात आर्जिनिन थोडे जास्त, द्राक्षांत कितीतरी पट जास्त. म्हणजे यादीतला क्रम खोटा नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला अर्थ, कारण हे सगळे मिलिग्रॅम आहेत. फळात पाणी, साखर, चोथा आणि जीवनसत्त्वे असतात; प्रथिने नावापुरतीच. ज्या चाचण्यांत लायसिनच्या गोळ्या दिल्या, त्यांत रोजचा डोस साधारण १ ते ३ ग्रॅम होता. पपईतून १ ग्रॅम लायसिन मिळवायचे तर रोज ४ किलो पपई खावी लागेल. पेरूतून मिळवायचे तर जवळजवळ दीड किलो. आणि द्राक्षांचा एक घोस खाल्ल्याने जे आर्जिनिन पोटात जाते, ते मूठभर शेंगदाण्यांतही भरते.

मग शेंगदाणे तरी सोडावेत का? १०० ग्रॅम शेंगदाण्यांत आर्जिनिन ३ ग्रॅमच्या आसपास असते, हे खरे. यादी करणारा इथेच थांबतो. त्याच शेंगदाण्यांत लायसिनही सुमारे ९०० मिलिग्रॅम असते, म्हणजे साडेतीन किलो पपईइतके. गुणोत्तर पाहून आपण पपई निवडली आणि प्रत्यक्ष लायसिन मात्र कचऱ्यात टाकले.

आपल्या भागात हा मुद्दा फोडांपेक्षा मोठा आहे. परभणी ज्वारीचा जिल्हा, ‘परभणी मोती’ हे वाण इथल्या कृषी विद्यापीठाचे. ज्वारी चांगलीच, पण तिच्या प्रथिनांत लायसिन फार थोडे. ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण दीड ग्रॅम लायसिन लागते. दिवसभरात ४०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या तरी त्यातले जेमतेम निम्मे भरते. उरलेले भरून काढतात ते वरण, मटकी, हुलगे, सोयाबीन, अंडी, दूध, सुकट-बोंबील. ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणात लायसिन सुमारे साडेचारशे मिलिग्रॅम, एका अंड्यातही जवळपास तेवढेच, पेलाभर दुधात थोडे अधिक. आठवडी बाजारातली मूठभर सुकटही या कामाला येते. जिच्या ताटात भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी एवढेच आहे, तिला चटणी सोडायला सांगणे आम्हाला मुळीच पटत नाही. तिच्या ताटात वरण आणायला सांगावे.

फळे खाऊच नयेत असे नाही. खावीत, पण मोसमात स्वस्त मिळेल ते, आवडेल ते. पेरूच्या दिवसांत पेरू, सीताफळाच्या दिवसांत सीताफळ, पपई मिळाली तर पपई. ओठ सोलवटलेला असताना संत्रे-मोसंबी झोंबते, म्हणून चार दिवस थांबा, एवढाच आमचा सल्ला. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी या यादीपायी आंब्यावर ताव मारू नये.

गोळ्यांचे काय? १९८७ च्या एका अभ्यासात रोज ३ ग्रॅम लायसिन घेणाऱ्यांना फोड कमी आले. १९८४ च्या दुसऱ्या अभ्यासात, कमी डोसवर, काहीच फरक दिसला नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा चाचण्या एकत्र तपासल्या. लायसिनने फोड टळतात असा भरवशाचा पुरावा तिला मिळाला नाही. आणि या चाचण्या गोळ्यांच्या होत्या, फळांच्या नव्हत्या. दुकानदाराने पुढे केलेला महागडा डबा घेण्याआधी एवढे लक्षात असू द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

ज्याचा उपयोग होतो ते औषध जुने आणि स्वस्त आहे: अॅसायक्लोव्हिर. ज्या संशोधनातून ते आले त्यात गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा. १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत त्या होत्या. हे औषध विषाणूला मारून संपवत नाही, त्याची वाढ रोखते. म्हणून ओठाला मुंग्या येऊ लागल्या की पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. खपली धरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. वर्षातून अनेकदा फोड येत असतील तर रोजच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. मनाने स्टिरॉइडचे मलम लावू नका. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, कारण हा विषाणू बुबुळाला इजा करतो.

उन्हाचे म्हणाल तर, कृत्रिम अतिनील प्रकाशातल्या छोट्या चाचण्यांत सनस्क्रीनने फोड टळले, खऱ्या उन्हात तितका फायदा दिसला नाही. आपल्याकडचे ऊन पाहता रानात जाताना तोंडाभोवती रुमाल किंवा पदर गुंडाळणे फुकटचे आहे, ते करावे.

राहिला अवघड विषय. जांघेत किंवा जननेंद्रियांवर असे फोड आले की बाई महिनोन्‌महिने बोलत नाही. नवऱ्याने बाहेरून आणले की हिनेच, यावरून घरात भांडण पेटते. विषाणू वर्षानुवर्षे दबून राहू शकतो, तेव्हा फोड आज दिसले म्हणजे लागण आजचीच असे ठरवता येत नाही. दुसऱ्या प्रकाराचा हर्पीस असला की एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण तिपटीने वाढतो, म्हणून लपवण्यात नुकसान आपलेच. फोड असेपर्यंत संबंध टाळा. एरवीही निरोध वापरा, त्याने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे या आजाराचे औषध लाल रंगाच्या पाकिटात, ५ क्रमांकाच्या किटमध्ये, मोफत देतात. आधी फोनवर विचारायचे असेल तर १०९७ ही मोफत मदतवाहिनी आहे.

गरोदर बाईला असे फोड पूर्वी आले असतील किंवा आता असतील, तर बाळंतपणाआधी डॉक्टरांना सांगायलाच हवे. प्रसूतीच्या वेळी बाळाला लागण झाली तर ती जिवावर बेतू शकते. आणि ओठावर फोड असलेल्या कुणीही, मग ती आजी असो की मावशी, नवजात बाळाचा पापा घेऊ नये, फोडाला लागलेले बोट न धुता बाळाला हात लावू नये. पाचवीला, बारशाला घर भरलेले असते, तेव्हा बाळाच्या आईला हे तोंडाने सांगणे जड जाते. सोबतच्या आशाताईला सांगायला लावा.