वडिलांचे स्वप्न, मुलाच्या हाती रॅकेट

जुलै 1992. आंद्रे आगासीने गोरान इव्हानिसेविचला पाच सेटमध्ये नमवून विम्बल्डन जिंकले. वयाच्या बाविसाव्या वर्षी मिळालेले हे त्याचे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद. विजयानंतर त्याने वडिलांना दूरध्वनी केला, तेव्हा चौथा सेट गमावण्याचे काहीच कारण नव्हते, असे त्यांनी त्याला सुनावले. आगासीने 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओपन’ या आत्मचरित्रात हा प्रसंग नोंदवला आहे.

माइक आगासी मूळचे इराणचे. 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये ते इराणतर्फे मुष्टियुद्ध खेळले. पुढे अमेरिकेत जाऊन लास व्हेगासच्या कॅसिनोत नोकरी करताना त्यांनी घरामागे टेनिस कोर्ट उभारले. चेंडू फेकणाऱ्या यंत्रात फेरफार करून त्याचा वेग वाढवला. लहानग्या आंद्रेने त्या यंत्राला ‘ड्रॅगन’ असे नाव दिले होते. रोज अडीच हजार म्हणजे आठवड्याला साडेसतरा हजार चेंडू आणि वर्षाकाठी जवळपास दहा लाख, असा वडिलांचा हिशेब होता. एवढे चेंडू मारणाऱ्या मुलाला कोणीही हरवू शकणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

हा हिशेब सर्वस्वी चुकीचा होता, असे म्हणता येत नाही. उंचावरून वेगाने येणारा चेंडू उसळी घेत असतानाच फटकावण्याची सवय त्या यंत्रासमोर जडली. सर्व्हिस परतवण्यात आगासीची गणना सर्वोत्तम खेळाडूंत होते, त्याचे मूळ या सरावात आहे.

परंतु या हिशेबात मुलाचे मन कुठेच नव्हते. आपल्याला टेनिसचा तिटकारा होता, असे आगासीने स्वतःच लिहून ठेवले आहे. 1997 मध्ये तो क्रमवारीत 141 व्या स्थानापर्यंत घसरला; त्याच वर्षी अमली पदार्थ घेतल्याची कबुलीही त्याने पुढे दिली. त्यानंतर मात्र तो लहान स्पर्धांपासून पुन्हा सुरुवात करून परतला. त्याच्या एकेरीच्या आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदांपैकी पाच 1999 आणि त्यानंतरची आहेत. वडिलांच्या धाकापेक्षा स्वतः केलेली निवड अधिक काळ पुरली, असा याचा अर्थ लावता येतो.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. आंद्रेच्या तिन्ही मोठ्या भावंडांनाही वडिलांनी टेनिसमध्ये घातले होते. वडील तेच आणि महत्त्वाकांक्षाही तीच. पण जगज्जेता एकच घडला. यशस्वी झालेल्याची कथा आपल्यापर्यंत पोहोचते, इतरांची पोहोचत नाही. त्यामुळे कठोरपणा हेच यशाचे कारण होय, असा समज पक्का होतो.

हंगेरीतील लास्लो पोल्गार यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. प्रतिभा घडवता येते, हे सिद्ध करण्याचा निश्चय त्यांनी मुली जन्मण्यापूर्वीच केला होता. तिन्ही मुलींचे शिक्षण घरीच झाले आणि बुद्धिबळाचा सराव रोज चाले. तथापि थोरल्या सुसानला पटाची गोडी लागली ती कपाटात अचानक सापडलेल्या सोंगट्यांमुळे. मुलाला आनंद मिळाला तरच तो परिश्रम करतो, यावर लास्लो यांचा भर होता. धाकटी ज्युडिट 1991 मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि 2005 मध्ये खुल्या जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानी पोहोचली. शिस्त दोन्ही घरांत होती. गोडी मात्र एकाच घरात जपली गेली.

वैद्यकशास्त्रही याच दिशेने बोलते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, बहुतेक खेळांत पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत मुलांना एकाच खेळाला जुंपू नये. आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्यांनी, त्या खेळापासून दूर ठेवावे. एकाच प्रकारच्या हालचालींनी वाढत्या हाडांवर व स्नायूंवर ताण येतो आणि मनही थकते.

पणजीत असो वा पेडण्यात, मुलाला पहाटे मैदानावर नेणाऱ्या पालकांची तळमळ खरीच असते. त्यांनी अधूनमधून स्वतःला एक प्रश्न अवश्य विचारावा: आपण सोबत नसताना हे मूल आपणहून खेळायला जाईल काय? उत्तर ‘होय’ असेल तर शिस्त त्याच्या उपयोगी पडेल. ‘नाही’ असेल, तर सराव वाढवण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेणे बरे.