रस्सा वेगळा, नूडल्स वेगळ्या

बारामतीत एमआयडीसीकडे, विद्या प्रतिष्ठानच्या आसपास, संध्याकाळी सातनंतर पाठीवर चौकोनी बॅगा अडकवलेल्या दुचाक्यांची ये-जा वाढते. हॉस्टेलच्या पोरांची बिर्याणी, मोमोज, आणि एखाददुसरं थाई नूडल सूप. आपल्याकडच्या मेन्यूकार्डात थाईला स्वतःचं पान क्वचितच मिळतं. मंचाव आणि हॉट अँड सोअरच्या खाली त्याला जागा दिलेली असते. कढई तीच, आचारीही तोच. त्याला माझी हरकत नाही. सूप पार्सल करण्याच्या पद्धतीला मात्र आहे.

थाई सूपमध्ये बहुधा तांदळाच्या चपट्या नूडल्स असतात. गव्हाच्या पिठात ग्लुटेनची जाळी तयार होते, म्हणून हाक्का नूडल्स गरम पाण्यात थोडा वेळ तग धरतात. तांदळात ग्लुटेन नाही. शिजलेल्या नूडल्स कढत सुपात ठेवल्या, की त्या पाणी पीत राहतात, फुगतात आणि चमच्याने उचलताना तुटतात. हॉटेलात वाडगा दोन मिनिटांत समोर येतो, म्हणून हे जाणवत नाही. तोच वाडगा झाकण लावून अर्धा तास दुचाकीवर हिंडला, की सूप आटलेलं आणि खाली लगदा. ग्राहक आचाऱ्याला नावं ठेवतो, पण त्या बिचाऱ्याने सूप चांगलंच केलेलं असतं.

यावरचा उपाय आपल्या मटण खानावळींना कधीचा ठाऊक आहे. पार्सल नेताना रस्सा एकीकडे, सुकं एकीकडे, भाकरी कागदात. रश्श्यात भाकरी चुरून कोणी बांधून देत नाही. बँकॉकच्या रस्त्यावरचे नूडलवालेही हेच करतात. कढत सूप एका पिशवीत, नूडल्स दुसरीत, वर रबरबँडची घट्ट गाठ, आणि तिखटपूड, साखर, मिरचीचं व्हिनेगर यांच्या चिमुकल्या पुड्या. पिशव्यांचं अनुकरण नको. पातळ प्लॅस्टिकमध्ये उकळतं काही ओतू नयेच, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदीही आहे. घरचा कडीचा स्टीलचा डबा घेऊन स्वतः गेलात, तर सगळ्यात उत्तम.

ॲपवर सूचना लिहायची जागा असते, पण गर्दीच्या वेळी ती वाचली जाईलच असं नाही. ऑर्डर दिल्यावर हॉटेलला सरळ फोन करावा. “दादा, नूडल्स कोरड्या द्या, जरा कच्च्याच ठेवा, सूप वेगळ्या डब्यात, आणि लिंबू पिळू नका, फोड द्या.” लिंबाचं कारण असं, की त्याचा ताजा वास उष्णतेने उडतो, म्हणून टॉम यम या थाई सुपात ते शेवटी पिळतात. घरी सूप पुन्हा उकळी येईपर्यंत तापवायचं, वाडग्यातल्या नूडल्सवर ओतायचं आणि मग लिंबू. शिजलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी उकळी काढल्याने चवही सुधारते, काळजीही मिटते.

टॉम यमचा गंध गवती चहाचा. तो आपल्या परसात असतो. सूप मिळमिळीत आलं, तर दोन पाती चुरगळून उकळीत टाका, फरक लगेच कळेल. कुलंजनाऐवजी इथे बहुधा आलं पडतं. चालतं. नारळाच्या दुधाचं टॉम खा हे सौम्य भावंड आहे, मुलांना ते आवडतं. खाउसुए मात्र थाई नाही, ब्रह्मदेशाकडचं आहे.

स्टार्टर्समध्ये स्प्रिंग रोल बंद डब्यात स्वतःच्याच वाफेने नरमतो. डब्याला भोकं पाडायला सांगा, किंवा आल्यावर तव्यावर शेकून घ्या. साते बऱ्यापैकी टिकतं, शेंगदाण्याची चटणी वेगळी आली तर. प्रवासाला खरं निर्धास्त म्हणजे सोम तम, कच्च्या पपईची कोशिंबीर म्हणा हवं तर. ती गरम खायचीच नसते, पाणी सुटलं की काढून टाकलं, झालं.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट ठासून विचारावी. ‘व्हेज’ सुपातही फिश सॉस पडू शकतो आणि तयार करी पेस्टमध्ये बहुतेकदा वाटलेली कोळंबी असते. तुकोबांची पालखी ज्या बारामती-इंदापूर रस्त्याने जाते, तिथल्या माळकरी घरांत ही चूक महागात पडेल.

आता इंदापूरकरांचं. बारामतीचं सूप सुमारे ५० किलोमीटर येणार नाही, आणि निमगाव केतकी किंवा पळसदेवला ॲपवाला कधी पोचेल याची वाट बघण्यात अर्थ नाही. मासे खाणाऱ्यांनी मग उजनी धरणाकडे पाहावं. भिगवणच्या हॉटेलांत तळून मिळणारी चिलापी थायलंडच्या ताटातलीही नेहमीची आहे. १९६५ साली जपानचे युवराज अकिहितो यांनी राजे भूमिबोल यांना ५० चिलापी पाठवल्या. राजवाड्याच्या तळ्यात त्या वाढल्या आणि पुढच्याच वर्षी १०,००० पिल्लं तिथल्या मत्स्य खात्याला दिली गेली. आज तो तिकडचा सर्वसामान्यांचा मासा आहे. सूप घरी करा, भिगवणहून येणाऱ्या कोणाला तरी तळलेली चिलापी आणायला सांगा, आणि तिच्यावर मीठ-मसाला कमी घालायला आधीच सांगून ठेवा, कारण सुपातला फिश सॉस स्वतःच भरपूर खारट असतो.