फोटोच्या पाठीवरचे साल

जुन्या सामूहिक फोटोचा प्रसंग ठरवताना घरचे लोक आधी चेहरे ओळखू लागतात. औरंगाबादच्या गुलमंडी, औरंगपुरा, रंगारगल्ली या भागातल्या जुन्या घरांत मात्र सुरुवात पुठ्ठ्याच्या पाठीपासून करावी. निजामाच्या राजवटीत कचेरीचा कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच होते. घरात मराठी बोलणारा शिकलेला माणूस फोटोमागे दोन ओळी लिहायचा तो बहुधा उर्दूतच. १९४८ च्या पोलीस कारवाईने ती राजवट संपली आणि उर्दू लिपी मागे पडली. नातवंडे देवनागरीवर वाढली आणि सगळ्यात मोलाचा पुरावा घरातच असून मुका झाला.

ओळ वाचून घेतली तरी साल फसवते. मागे १३४६ असेल तर वाचणारा ते हिजरी समजतो आणि फोटो १९२७-२८ चा ठरवतो. हैदराबाद संस्थानाचा कारभार मात्र फसली सनावर चाले. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून लागे. डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३४६ फसली हे १९३६-३७. फेब्रुवारी १९३७ मध्ये निजाम उस्मान अली खान यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. त्यामुळे ओळीने मांडलेल्या खुर्च्या, शेरवान्या, रुमी टोप्या आणि मागे कमान असा त्या सालचा फोटो असेल, तर आधी या सोहळ्याचा विचार करावा. नऊ वर्षांच्या चुकीने हा प्रसंग हातचा जातो. महिन्याचे नाव लिहिलेले असेल तर शंकाच उरत नाही: आजूर, दै, बहमन हे फसलीचे, मोहरम, सफर, रज्जब हे हिजरीचे.

खरी गफलत पुढच्या दोन सालांत होते. उर्दूतला सात म्हणजे वर उघडा कोन आणि आठ म्हणजे तोच कोन उलटा. शाई पुसट झाली, कोपरा फाटला किंवा आकडा घाईत लिहिलेला असला की एकाचे दुसरे होते. १३४७ ऑक्टोबर १९३८ मध्ये संपते आणि १३४८ तिथून सुरू होते. त्याच नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांचा सत्याग्रह पेटला आणि तो हैदराबादेतही पसरला. काढून टाकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. वरंगळच्या बाजूचे पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. आजोबा त्या वेळी विद्यार्थी असतील तर घरच्यांना प्रत्येक कॉलेज-फोटो ‘वंदे मातरम्‌चा’ वाटतो. हा अभिमान रास्त आहे. पण मधोमध प्राध्यापक, पायाशी बसलेली मुले आणि इस्त्रीचे कपडे अशी मांडणी वर्षअखेरच्या रिवाजी फोटोचीच असते. कॉलेजने ज्यांना बाहेर घातले, त्यांना मानाने पुढे बसवून कॉलेज फोटो काढणार नाही. नागपूरच्या स्टुडिओचा छाप असेल तर गोष्ट वेगळी, तिथे घरच्यांचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे.

झेंडा दिसत असेल तर काम सोपे होते. अशोकचक्राचा तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला, आणि औरंगाबादेत तो उघडपणे फडकवता आला तो सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर. तेव्हा शहरातल्या चौकात असा झेंडा आणि गांधी टोप्यांची गर्दी असलेला फोटो त्याआधीचा धरू नये, मागे फसली साल असले तरीही. राजवट गेली तरी लिहिणाऱ्या हाताची सवय लगेच जात नाही.