जिव्हेची पुनर्रचना आणि मराठी उच्चार

मुखाच्या व मानेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत वरकरणी परस्परविरुद्ध भासणाऱ्या दोन विद्या एकत्र येतात. कर्करोगशल्यज्ञ रोगग्रस्त भाग सभोवारच्या निरोगी भागासह काढतो. त्याने हात आखडता घेतला तर रोग मागे राहतो. रक्तवाहिन्या जोडणारा शल्यज्ञ ती उणीव भरून काढतो. त्याचा भरवसा असतो म्हणूनच पहिल्यास निःशंकपणे छेद घेता येतो. हा अवयव जेव्हा जिव्हा असतो, तेव्हा प्रश्न भाषाभ्यासकाचाही होतो.

तो आपल्यापासून दूरचा नाही. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास खाल्ला जातो. सुपारी व तंबाखू ही दोन्ही मुखकर्करोगाची सिद्ध कारणे होत. नागपुरात मिहानमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. तिचे लोकार्पण २०२२ साली झाले. नजीकच जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्थाही आहे.

रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याची पद्धत आलेक्सी कारेल यांनी १९०२ साली प्रसिद्ध केली. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये जेकबसन व सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म वाहिन्या जोडून दाखविल्या. आज जिभेचा मोठा भाग काढल्यास मनगटाजवळची पातळ त्वचा तिच्या रोहिणी व नीलांसह उचलतात आणि जिभेच्या जागी बसवितात. तिची रोहिणी मानेतील रोहिणीच्या शाखेस व नीला तेथील नीलेस जोडतात. वाहिनीची रुंदी दोन-तीन मिलिमीटर, आणि धागा केसाहून बारीक! हाताचा रक्तपुरवठा दुसऱ्या रोहिणीवर नीट चालेल ना, हे आधीच पाहून घेतात. जोडात गुठळी झाली तर नवा भाग मरतो. म्हणून पहिले काही दिवस त्याचा रंग वारंवार तपासावा लागतो.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. बसविलेली त्वचा जगते, परंतु जिभेप्रमाणे हलत नाही. उच्चार करते ती उरलेली जीभ. नव्या भागाचे काम दोन प्रकारचे: उरलेल्या जिभेस जखडू न देणे, आणि तिला टाळूपर्यंत पोहोचता यावे इतकी भर पुरविणे.

आता ध्वनींचा विचार करू. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण बहुधा टिकतात. जिव्हाग्र गेल्यास त-ट, न-ण, ल-ळ हे भेद धोक्यात येतात; जिव्हामूळ गेल्यास क, ग. ‘काल’ व ‘काळ’, ‘मन’ व ‘मण’ यांतील अंतर पुसट होते. पूर्ण वाक्यात श्रोता संदर्भाने अर्थ लावतो. परंतु दूरध्वनीवर स्वतःचे आडनाव सांगणाऱ्या रुग्णास संदर्भाचा आधार नसतो. घरच्या माणसांस सवयीने सारे कळते, म्हणून केवळ त्यांच्या साक्षीवरही विसंबता येत नाही.

इंग्रजी शब्दांच्या यादीने ही परीक्षा होणार नाही, कारण त्या भाषेत ण-ळ यांचे स्थानच नाही. एका वर्णाने भिन्न अशा मराठी शब्दजोड्या निवडाव्यात, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर त्या रुग्णाकडून वदवून ध्वनिमुद्रित कराव्यात आणि अपरिचित श्रोत्यांकडून ओळखवून घ्याव्यात. रुग्ण वाचला की नाही, हे वैद्य सांगतील. त्याची भाषा किती वाचली, हे मोजण्याचे काम आपले आहे.